फोन सात तास, झोप चार तास : आधी कशाकडे पाहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 26, लातूर जिल्ह्यातल्या गावातून पुण्यात येऊन तीन वर्षं झाली. नवी पेठेत कॉट बेसिसवर चौघींच्या खोलीत राहता, एमपीएससीचा अभ्यास करता. मागची संयुक्त पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली. तेव्हापासून रात्री दोन-तीनपर्यंत रील्स, सकाळी उठवत नाही, अभ्यासिकेत पुस्तक उघडं आणि डोकं बंद. फोन रोजचे सात-आठ तास दाखवतो. इन्स्टाग्राम दोनदा काढून टाकलं, 'डोपामिन डिटॉक्स' करून पाहिला, पंधरवड्यात पुन्हा तेच. आणि शेवटी विचारलंय : इंटरनेटनं माझा मेंदू बिघडवलाय का? हे व्यसन आहे की डिप्रेशन? बटणांचा साधा फोन घेतला तर सुटेन का? आणि घरी सांगू की नको?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पुण्यातच दवाखाना आहे आणि पेठांमध्ये राहून स्पर्धा परीक्षा देणारी मुलंमुली माझ्याकडे बरीच वर्षं येत आहेत, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं बरंचसं ओळखीचं आहे. तरीही समोर बसून बोलल्याशिवाय निदान करता येत नाही. तुम्ही माझ्यासमोर असता तर मी कोणत्या क्रमानं विचार केला असता, तेवढंच इथे लिहिते.

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकते. मेंदू बिघडलेला नाही. रोज चार-साडेचार तास झोपणाऱ्या धडधाकट माणसालाही राज्यघटनेची कलमं लक्षात राहणार नाहीत. 'रील्समुळे मेंदू सडतो' हेही तुम्ही बहुधा रीलमध्येच ऐकलं असणार. अपुऱ्या झोपेनं गेलेलं लक्ष झोप भरून निघाली की बऱ्याच अंशी परत येतं. मोठ्या माणसाला रात्रीची किमान सात तास झोप लागते आणि तुम्ही महिनोन्‌महिने त्याहून अडीच-तीन तास कमी झोपता आहात. बाकी काहीही ठरवण्याआधी हा हिशेब मिटवावा लागेल.

'व्यसन की डिप्रेशन' या प्रश्नाशी मी जरा वेगळ्या बाजूनं येते. मी आधी विचारते, काय अगोदर आलं? फोन तुमच्याकडे तिन्ही वर्षं होता. इन्स्टाग्रामही होतं. पहिल्या वर्षी त्याच फोनवर तुम्ही लेक्चर पाहिली, रील्सही पाहिल्या असतील, आणि तरी अकरा-साडेअकराला झोपत होतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुमच्या सांगण्यानुसार निकाल आधी आला, झोप त्यानंतर गेली आणि रील्स त्या रिकाम्या रात्रीत शिरल्या. हा क्रम खरा असेल तर नुसता फोन काढून घेतल्यानं फारसं साधणार नाही, कारण ज्या गोष्टीपासून नजर चुकवायला तो हातात येतो ती जागच्या जागी राहते.

पण क्रम दर वेळी असाच नसतो. काहींची आधी झोप बिघडते : चोवीस तास उघडी अभ्यासिका, रात्री बाराला टपरीवरचा चहा, खोलीत कुणाचा तरी दिवा सुरू. मन खाली जातं ते नंतर. काहींच्या बाबतीत मूळ खरोखर फोनमध्येच असतं. पैसे लावून खेळायचे गेम, त्यातून झालेलं कर्ज, किंवा कुणी फोटोवरून धमकावतंय. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये केला, पण आधी झालेली देणी कायद्यानं फिटत नाहीत आणि ती लपवण्याचा ताण तसाच उरतो. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही. असेल तर मात्र पुढचं सगळं बाजूला ठेवा, आधी ते एका विश्वासाच्या माणसाला सांगा, आणि धमकीचा प्रकार असेल तर पोलिसांकडे जा.

आता संशोधनाबद्दल. त्यावरून दोन्ही टोकांचे दावे केले जातात म्हणून थोडं सविस्तर सांगते. 1998 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या रॉबर्ट क्राऊट आणि सहकाऱ्यांनी नव्यानंच इंटरनेट मिळालेल्या 73 घरांतल्या 169 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त वापर करणाऱ्यांमध्ये एकटेपणा आणि उदासी किंचित वाढलेली दिसली, आणि मोठी चर्चा झाली. त्याच लोकांकडे पुन्हा पाहिल्यावर 2002 मध्ये त्याच गटानं लिहिलं की तो परिणाम बहुतांश ओसरला आहे. पुढे 2019 मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीनांची माहिती तपासली. डिजिटल वापर आणि मनःस्वास्थ्य यांचं नातं उलटं निघालं, म्हणजे वापर जास्त तिथे मनःस्वास्थ्य थोडं कमी, पण इतकं बारीक की मनःस्वास्थ्यातल्या फरकाचा जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग त्यानं समजावता येत होता.

मग काहीच होत नाही असं म्हणायचं का? नाही. सरासरीत बुडून जातात ती माणसं माझ्या दवाखान्यात येतात. 2018 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट यांनी 143 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट मिळून दिवसाला तीस मिनिटांची मर्यादा घातली, बाकीच्यांना नेहमीसारखं वापरू दिलं. तीन आठवड्यांनी मर्यादावाल्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली, आणि जे सुरुवातीला जास्त उदास होते त्यांना फायदा जास्त झाला. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, मर्यादा तीस मिनिटांची होती, शून्याची नव्हती. दुसरी, चिंता आणि 'आपलं काहीतरी सुटतंय' ही भावना दोन्ही गटांत कमी झाली. वापर मोजला जातोय याची नुसती जाणीवही उपयोगी पडली असावी, असं संशोधकांचंही म्हणणं होतं.

व्यसनाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, जी 2019 मध्ये मान्य झाली आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, गेमिंगचा विकार नावानिशी आहे. रील्स किंवा सोशल मीडियाचा तसा स्वतंत्र विकार त्यात नाही. गेमिंगसाठीच्या खुणा मात्र तुम्ही स्वतःला लावून पाहू शकता : ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा त्यालाच महत्त्व येणं, नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. रात्री बारानंतर तुमच्यात पहिल्या तिन्ही खुणा थोड्याफार दिसतात. दिवसा तितक्या दिसत नाहीत, मेसला आणि टेस्ट सिरीजला तुम्ही वेळेवर जाता. म्हणून मी सध्या तरी व्यसन हा शब्द वापरणार नाही. प्रश्न नगण्य आहे असं मात्र यातून काढू नका. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत अशा तक्रारींसाठी 2014 पासून स्वतंत्र क्लिनिक चालतं, ते उगाच नाही.

त्या सात-आठ तासांची फोड करा. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपचा वेळ दिसतो. माझ्याकडे येणाऱ्या तुमच्यासारख्या मुलींच्या आकड्यात बहुधा मोठा हिस्सा यूट्यूबवरच्या लेक्चरचा असतो, थोडा घरच्यांशी बोलण्याचा, थोडा पीडीएफ वाचण्याचा. या सगळ्याची रील्सबरोबर एकच बेरीज करून स्वतःला दोष देणं बरोबर नाही. मी एकूण तास विचारतच नाही. 'काल रात्री जेवल्यापासून काय काय केलंत, ओळीनं सांगा' असं विचारते. त्यातून कळतं की फोन कोणत्या क्षणी हातात आला आणि त्याच्या आधीच्या मिनिटाला मनात काय चाललं होतं.

यात रात्र सगळ्यात महत्त्वाची. 'झोपायच्या खोलीत फोन नको' हा सल्ला कुठेही वाचायला मिळतो आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला तो ऐकवणं म्हणजे थट्टा आहे. तुमची झोपायची जागा, अभ्यासाची जागा, जेवणाचा डबा उघडायची जागा, सगळी त्याच सहा बाय तीन फुटांत. चौघींच्या खोलीत एकटीचं असं काही उरतं ते पांघरुणाखालच्या फोनमध्ये. दिवसभर अभ्यासिकेत शांत बसायचं, मेसमध्ये हसून बोलायचं, घरून फोन आला की 'चाललाय अभ्यास' म्हणायचं. मग दिवे बंद झाल्यावर कुणालाही उत्तर द्यावं लागत नाही असा वेळ सुरू होतो. तो सोडवत नाही यात नवल नाही. त्यातून डोळे मिटले की निकालाची यादी समोर येते, आणि रील ती येऊ देत नाही. म्हणूनच 'मनाचा निर्धार' बारा वाजता टिकत नाही.

तेव्हा तो एकटीचा वेळ आधी दिवसात आणा. संध्याकाळी उजेड असताना एकटीनं पर्वती चढून या, किंवा नदीकाठच्या बाजूनं चालून या, कानात काही न घालता. मैत्रिणी सोबत येतो म्हणाल्या तरी आठवड्यातले काही दिवस एकटीनंच. हा वेळ अभ्यासातून चोरलेला वाटेल. सध्या रात्री दोन ते तीन या वेळात तुम्ही अभ्यास करत नाही आहात, हे लक्षात असू द्या.

झोपण्याची वेळ ठरवू नका, उठण्याची ठरवा. झोप हुकुमावर येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. समजा सात. रविवारीही सात, रात्री तीनला झोपलात तरी सातच. पहिले चार-पाच दिवस वाईट जातील. उठल्यावर अर्ध्या तासात बाहेरच्या उजेडात जा, शरीराचं घड्याळ त्या उजेडावर चालतं. दुपारी डुलकी घ्यायचीच असेल तर तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची. शेवटचा चहा चार-पाचला, कारण त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाही पाचेक तास लागतात. रील्स बंद करू नका. साडेनऊ ते सव्वादहा पाहा, पण खुर्चीवर नाहीतर गॅलरीत बसून. आडवं होऊन अजिबात नाही. मग फोन दाराजवळच्या प्लगला लावा आणि गजराचं साधं घड्याळ उशाशी ठेवा. 'गजरासाठी फोन जवळ हवा' ही सबब मी इतक्यांदा ऐकली आहे की आता घड्याळाचं नाव औषधाच्या चिठ्ठीवरच लिहिते.

झोप येत नसेल तर वीसेक मिनिटांनी उठून दुसरीकडे बसा, काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. पलंगाचा झोपेशी पुन्हा संबंध जोडायची ही पद्धत रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडली आणि निद्रानाशाच्या उपचारात ती आजही वापरतात. कॉटवर बसून अभ्यास होत असेल तर तोही बंद करावा लागेल. निळ्या प्रकाशाच्या चष्म्यावर पैसे घालू नका. त्या प्रकाशाचा परिणाम सांगितला जातो तितका मोठा नाही. तुम्ही काय पाहता आणि त्यात किती रात्र जाते, याचा आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीय, पण मला ती रील्सपेक्षा जास्त खटकली : टेलिग्रामचे गट. पूर्व झाल्यावर पहिली उत्तरतालिका येते, गटात लगेच पोल सुरू होतो, 'किती येतायत?' ज्यांना चांगले गुण येतायत तेच आकडा टाकतात, बाकीचे गप्प राहतात. त्या पोलवरून कुणीतरी कट ऑफचा अंदाज बांधतो, त्यावर यूट्यूबवर चार व्हिडिओ येतात, आणि तुम्ही रात्री एकला तिसऱ्या व्हिडिओतल्या अर्ध्या गुणाच्या फरकावर रडता. पाहिल्यावर मिनिटभर बरं वाटतं, मग शंका पुन्हा उठते, पुन्हा पाहावंसं वाटतं. कुलूप लागलंय का हे पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या माणसात नेमकं हेच चक्र असतं. प्रत्येक वेळी तपासल्यानं शंका शमत नाही, तपासण्याची सवय पक्की होते.

तपासणं अगदीच निराधार असतं असं मी म्हणणार नाही. 25 ऑगस्ट 2024 ची एमपीएससीची पूर्वपरीक्षा बँकेच्या परीक्षेशी तारीख जुळल्यामुळे पुण्यातल्या आंदोलनानंतर ऐन तोंडावर पुढे गेली, हे सगळ्यांनी पाहिलंय. तारखा खरंच हलतात. पण त्या आयोगाच्या संकेतस्थळावरच जाहीर होतात आणि तिथे दिवसातून एकदा, जेवणानंतर पाहिलं तरी पुरतं. गट सोडायचे नसतील तर सगळे म्यूट करा, नोट्स मिळतात तो एक चालू ठेवा. पोलमध्ये आकडा टाकू नका. ज्या दोन-तीन मैत्रिणींशी तुम्ही खरोखर बोलता, त्यांचा गट मात्र तोडू नका. एकमेकींना पेपर सोडवून पाठवणं, 'आज नाही जमलं' असं लिहिणं, हेही इंटरनेटच आहे आणि ते तुम्हाला धरून ठेवतंय.

'डोपामिन डिटॉक्स'बद्दल दोनच वाक्यं. डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन आहे, विष नाही, ते उपवासानं शरीरातून निघत नाही आणि निघालं तर तुम्हाला हालचालही करता येणार नाही. पंधरा दिवस सगळं बंद आणि सोळाव्या दिवशी सगळं चालू, या पद्धतीत फक्त अपराधीपणा वाढतो. बटणांच्या फोनचंही तसंच. हॉल तिकीट, ओटीपी, लेक्चर, सगळ्याला स्मार्टफोन लागतो. आठवड्यात तो पेटीतून बाहेर येईल. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात काहींना साध्या फोनचा फायदा झालेला मी पाहिलाय, पण त्या रात्री नीट झोपणाऱ्या मुली होत्या.

आता डिप्रेशन. फोनचा विषय बाजूला ठेवून हे पाहा. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास आहे का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी, अगदी गावाकडच्या जत्रेला जाणं किंवा भाचीशी बोलणं, नकोशा झाल्यात का? भूक, थकवा, आपण कुचकामी आहोत असं सतत वाटणं? रील्ससुद्धा आता आवडत नाहीत, नुसतं बोट सरकतं, असं तुम्ही एका वाक्यात लिहिलंय. त्या वाक्यापाशी मी थांबले. ज्याला मजेसाठी फोन लागतो आणि ज्याला फोनमध्येही मजा उरलेली नाही, यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारात मी डिप्रेशनची शक्यता धरून चालते, आणि ते असेल तर झोपेचं वेळापत्रक एकटं पुरत नाही. समुपदेशन, कधी औषधंही लागतात, आणि ती काम करतात. जोडीनं हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी12 तपासून घ्या. मेसच्या जेवणावर तीन वर्षं काढलेल्या मुलींमध्ये रक्त कमी असणं फार सामान्य आहे, आणि तो थकवा उदासीसारखाच दिसतो.

मरणाचे विचार येत असतील, 'सकाळी उठूच नये' इतपत जरी, तर दोन आठवडे वगैरे वाट पाहायची नाही. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. खोलीतल्या एकीला त्याच रात्री उठवून सांगा. तिची झोपमोड झाली तरी चालेल.

राहिला घरचा प्रश्न. हे घरात कोण कोण आहे त्यावर अवलंबून आहे आणि ते तुम्हालाच ठाऊक. तुमची भीती अशी की सांगितलं तर 'परत ये, स्थळ पाहतोय' हे ऐकावं लागेल. ती भीती खोटी नाही. म्हणून सगळ्यांना एकदम सांगू नका, एकच माणूस निवडा. मोठी बहीण, मामा, जो ऐकून घेतो तो. 'मोबाईलचं व्यसन लागलंय' असं सांगितलंत तर पुढचं भाषण ठरलेलं आहे. 'झोप लागत नाही, जेवण जात नाही, डॉक्टरांना दाखवतेय' असं सांगा, तेही खरंच आहे. परीक्षा सोडायची की द्यायची, नोकरी धरायची का, लग्नाचं काय, हे विषय त्याच फोनवर काढू नका आणि चार तास झोपून ठरवूही नका. वयाची मर्यादा आणि पैसे यांचा विचार करावाच लागेल, पण सहा आठवडे नीट झोपून झाल्यावर.

डॉक्टरांकडे जायला घरच्यांची परवानगी लागत नाही. तुम्ही सज्ञान आहात, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिला आहे; जिवाला धोका असेल अशासारखे मोजके प्रसंग सोडले तर डॉक्टर तुमच्या संमतीशिवाय घरी कळवत नाहीत. खासगी फी परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, नवी पेठेतून फार लांब नाही. गर्दी असते, सकाळी लवकर जा. जाताना वहीच्या एका पानावर मागच्या चौदा दिवसांचं लिहून न्या : किती वाजता आडव्या झालात, किती वाजता उठलात, फोन शेवटचा कधी ठेवला, आणि त्या दिवशी मन कसं होतं. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो आणि समोर बसल्यावर आपल्यालाही नेमकं आठवत नाही.